आपपरु जया नाहीं

पौष वद्य एकादशीच्या यात्रेसाठी निघालेल्या दिंड्या नाशिक शहर मागे टाकून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला लागल्या आहेत आणि समोर ब्रह्मगिरीचा कडा दिसू लागला आहे. परंपरेनुसार याच डोंगरातील गुहेत गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला; निवृत्तिनाथांकडून तो धाकट्या भावाला मिळाला आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरीच्या रूपाने सर्वांसाठी मराठीत आला.

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे येतात. 'समः शत्रौ च मित्रे च' एवढेच सांगून गीता पुढे जाते. ज्ञानेश्वर मात्र तेथे थांबून घरातला दिवा दाखवतात: 'घरींचिया उजियेडु करावा। पारखियां आंधारु पाडावा । हें नेणेंचि गा पांडवा । दीपु जैसा ॥' लगेच पुढे येणारे झाड लावणाऱ्याला आणि घाव घालणाऱ्याला एकच सावली देते. येथे भक्ताच्या उपवासांची मोजदाद नाही. तो परक्याशी आणि वैऱ्याशी कसा वागतो, हे पाहिलेले आहे.

ही समता अंगवळणी कशी पाडायची, हे दिंडीत पाहायला मिळते. वीणेकऱ्याचा पहारा संपला आहे. वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून दुसरा वारकरी ती उभ्या उभ्याच आपल्या गळ्यात घेतो; देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. वय, जात, शेतीचे एकर यांची चौकशी होत नाही. नवखा माणूस, विशेषतः एखादे वयस्क गृहस्थ आपल्यापुढे वाकले की, संकोचाने मागे सरतो. दोन-चार दिवसांत तोही न कचरता वाकू लागतो. गावी परतल्यावर हेच दोघे बांधावरून भांडत असतील, तर ते मात्र आमच्या कॅमेऱ्यात आलेले नाही.

हे मागे राहिलेल्या नाशिकच्या पंचवटीतील काळाराम मंदिर; ही समता येथे दारातच अडली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्यासह हजारो सत्याग्रही २ मार्च १९३० रोजी अस्पृश्य मानलेल्यांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून येथे आले, तेव्हा ही दारे बंद होती. सत्याग्रह काही वर्षे चालला, प्रवेश मिळाला नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला.

त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीपुढची दर्शनबारी आता लांबली आहे. ओळखीच्या जोरावर मध्येच शिरू पाहणाऱ्यालाही 'माउली' म्हणायचे आणि तरीही त्याला रांगेच्या शेवटी पाठवायचे, हे काम स्वयंसेवकांकडे आहे. तेराव्या अध्यायात ज्ञानेश्वर अहिंसेचा विचार माणसाच्या बोलण्यापर्यंत नेतात आणि ते बोलणे 'साच आणि मवाळ' असावे, असे म्हणतात. बारीतल्या रेटारेटीत ते जमवणे किती अवघड आहे, हे या तरुणांना सकाळपासून कळून चुकले आहे.