काटा हलत नाही तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. व्यायाम सुरू करून दोन आठवडे झालेत, बनियन पिळून काढावा इतका घाम गाळलाय, आणि वजनकाटा जागचा हलत नाही. उलट अर्धा किलो वरच! इथेच बरेच जण कंटाळून सोडून देतात. काटा खोटं बोलत नाही हो. त्याला फक्त चरबी आणि पाणी यांतला फरक कळत नाही.

आपले स्नायू इंधन साठवतात ते ग्लायकोजेनच्या रूपात, आणि दर ग्रॅमामागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. व्यायामाने हा साठा वाढतो, त्याबरोबर पाणीही. खाणं एकदम तोडल्यावर पहिल्या आठवड्यात जे झपकन उतरतं, तेही बरंचसं पाणीच.

आणि ते दुखणं! दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी, तोंडात ‘आई गं’. लोक लॅक्टिक आम्लाला दोष देतात, पण ते तर तासाभरात निघून गेलेलं असतं. स्नायू लांबत असतानाच भार पेलतो, तेव्हा त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. वेदना एक ते तीन दिवसांत शिगेला पोचते. दुखलं नाही म्हणजे व्यायाम वाया गेला, असं मात्र नाही.

पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. मेंदू जास्त तंतूंना एकदम कामाला लावायला शिकतो. दंड भरायला त्यानंतर वेळ लागतो. 1961 साली अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायूत, तंतूंना चिकटून बसलेल्या पेशी दिसल्या. या उपग्रह पेशी एरवी झोपलेल्या असतात. स्नायूवर ताण आला की जाग्या होतात, वाढतात आणि तंतूंत मिसळतात. प्रथिनं रचण्याचं काम व्यायामानंतर दिवस-दीड दिवस चालू राहतं, म्हणून विश्रांतीचा दिवस हा आळशीपणा नव्हे.

मग चरबी जाते कुठे? घामातून, असं तुम्ही म्हणाल. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 2014 मध्ये हा हिशेब मांडला: दहा किलो चरबी जळाली, तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते, उरलेल्या 1.6 किलोचं पाणी होतं. म्हणून बसल्या जागी जोरजोरात श्वास घेऊ नका, चक्कर येईल! आधी चरबी जळायला हवी, आणि त्यासाठी पोटात जातं त्यापेक्षा खर्च जास्त हवा.

‘स्नायू कमावले की झोपेतही चरबी जळते’ हेही जरा फुगवून सांगितलेलं. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला जेमतेम 13 कॅलरी खर्चतो. स्नायू कमवावेत ते खुर्चीतून हात न टेकता उठता यावं म्हणून.

काट्यावर चढायचंच असेल तर सकाळी, काही खाण्यापूर्वी चढा आणि आठवड्याची सरासरी काढा. महिन्याभराने पट्टा एक भोक आत गेला का, तेही बघा.