पाय जमिनीला, हात टेबलावर

सकाळचे पावणेसात. गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीची माणसे उतरताहेत. फोंड्याहून, माशेलहून, कुणी थेट डिचोलीहून. आज फाटकाच्या आत, हजेरीच्या यंत्राशेजारी रक्तदाब तपासायला एक टेबल मांडले आहे.

हा पट्टा पाहा. बाही वर सारून, उघड्या दंडावर, कोपराच्या थोडा वर. पाठ खुर्चीला टेकलेली, पाय जमिनीला, हात हृदयाच्या उंचीवर. त्याआधी पाच मिनिटे नुसते बसायचे. अर्धा तास आधी चहा नाही, विडी नाही, तंबाखूही नाही. हे काका काही सांगू पाहतात आणि परिचारिका त्यांना हातानेच थांबवते, कारण बोलले की आकडा चढतो. मिनिटभराने पुन्हा एकदा मोजायचे. घाईच्या शिबिरांत नेमके हेच राहून जाते. बस गाठायला धावत आलेल्याला लगेच पट्टा बांधला, तर धावण्याचाच आकडा मिळतो. इथली रांग मुद्दाम हळू चालते, आणि तशीच चालायला हवी.

वेगवेगळ्या दिवशी मोजूनही प्रेशर 140/90 किंवा त्याहून वर येत राहिले, तर तो उच्च रक्तदाब. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. माणूस पाळी भरून घरी जातो. दवाखान्यात तो जाणार कशाला? कामावर मात्र रोज येतो.

आता कॅन्टीन. मोठ्या टोपात बांगड्याचे हुमण, म्हणजे मासळीची आमटी, रटरटतेय, वर तेफळे तरंगताहेत. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही. आपल्या ताटात ते किती वाटांनी येते! पावात, पातळ भाजीत, लोणच्यात, पापडात, खाऱ्या मासळीत. शिवाय टेबलावरची मिठाची वाटी. ती वाटी इथून उचलली आहे. तिच्या जागी लिंबाच्या फोडी. हुमणातले मीठही आचारी थोडे थोडे उतरवतो आहे. काही आठवड्यांत जीभ सरावते.

उच्च रक्तदाबाकडे दुर्लक्ष झाले तर पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, निकामी मूत्रपिंडे. गोळी सुरू झालेल्यांनी बरे वाटते म्हणून ती आपल्या मनाने सोडू नये.

दुपारचे तीन. पाळी सुटली. थांब्यावर एकजण खिशातले कार्ड काढतो, आकडे वाचतो, घडी घालतो. पुन्हा उघडतो. बस येते.