टाचणीला पृथ्वी का धरून ठेवू शकत नाही?

नमस्कार मंडळी! आज फिजिक्सबद्दल बोलायचंय, पण फॉर्म्युले एकही नाहीत, फक्त एक टाचणी आणि एक लोहचुंबक लागेल. टेबलावरच्या टाचणीवर चुंबक हळूहळू खाली आणा, एका क्षणी ती टुणकन उडून चिकटते. आता बघा, खालून अख्खी पृथ्वी त्या टाचणीला ओढतेय आणि तरी जिंकलं कोण, तर तो बोटभर चुंबक! गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं आहे. दोन प्रोटॉनमधलं विजेचं बल त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या साधारण एकावर ३६ शून्य इतक्या पट भरतं.

मग सूर्य, ग्रह, आकाशगंगा हे सगळं त्या दुबळ्याच्या ताब्यात कसं? तर विजेत प्लस आणि मायनस असतात, मोठ्या वस्तूत दोन्ही जवळपास सारखेच असतात, त्यामुळे हिशेब शून्यावर येतो. गुरुत्वाकर्षणात मायनस नाहीच, जितका पदार्थ जमेल तितकी ओढ वाढतच जाते. मला हे उत्तर फार आवडतं.

आणि हेच दुबळं बल आपल्याला थेट विश्वाच्या सुरुवातीपाशी नेतं. रेडिओवर बोलतोय तर ही गोष्ट सांगायलाच हवी. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये पेन्झियास आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांच्या रेडिओ अँटेनात एक बारीक खरखर यायची, कुठेही वळवा, रात्री बघा, दिवसा बघा, जातच नाही. आत कबुतरांनी घरटं केलं होतं, ते काढलं, विष्ठा घासून साफ केली, तरी खरखर तशीच. ती होती विश्वाच्या जन्मानंतर साधारण ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश, आता पार थंडावून रेडिओलहरी झालेला. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं धरतात, म्हणजे केवढी जुनी ही खरखर! १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

१९९२ मध्ये कोबे उपग्रहाच्या मोजणीतून कळलं की ही खरखर सगळीकडे अगदी सारखी नाहीये, लाखात एखाद्या भागाइतका फरक आहे. जिथे पदार्थ किंचित जास्त होता तिथे गुरुत्वाकर्षणाने आणखी ओढून घेतला, मग आणखी, आणि कोट्यवधी वर्षांत त्यातूनच तारे आणि दीर्घिका, म्हणजे आकाशगंगा, झाल्या. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५-४५ मीटरच्या ३० डिश आहेत ना, त्या अशाच दूरच्या दीर्घिकांमधल्या हायड्रोजनच्या रेडिओलहरी पकडतात. जमलं तर पोरांना घेऊन जा, लांबून दिसल्या तरी पोरं प्रश्न विचारून भंडावतील, आणि कृपा करून त्यांना हे सिलॅबसमध्ये नाही असं सांगू नका हो.

कारण एक प्रश्न तर मोठमोठ्यांनाही सुटलेला नाही. आपल्याला दिसतो तेवढ्याच पदार्थाच्या ओढीने या दीर्घिका इतक्या लवकर जमल्याच नसत्या, म्हणून न दिसणारं डार्क मॅटर धरावं लागतं, दिसणाऱ्याच्या साधारण पाचपट. ते कशाचं बनलंय, याचा शोध अजून चालू आहे.