काहिलीतून वाफ्यात

(गुऱ्हाळ, पहाट)
निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठी. चुलवाणात चिपाडं धडधडतायत. काहिलीतला रस उकळून वर येतोय, मळी काढून झालीय. गुळव्या बोलत नाही, बुडबुड्यांवर डोळा ठेवून उभा आहे. थेंबभर पाक गार पाण्यात सोडतो, बोटांनी चाचपतो. गोळी झाली! थर्मामीटर लावाल तर काटा ११८ अंशांच्या आसपास दिसेल. त्याला लावायची गरज पडत नाही.

पाक वाफ्यात, म्हणजे निवायच्या पसरट हौदात, उतरला. आता घोटणं. रंग बघा कसा फिकट होतोय, कण धरतोय. प्रत्येक कण म्हणजे साखरेचा स्फटिक: रेणू एकाच मांडणीत बसलेले, तीच मांडणी सगळ्या दिशांना पुन्हा पुन्हा. ऊस शिळा असेल तर रसात ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतं. हे परके रेणू रांग लागूच देत नाहीत. मग गुळव्या एवढंच म्हणतो, “गूळ बसंना.”

(बेळगाव, शहापुरातलं स्वयंपाकघर)
इथं साखरेचाच पाक, पण दीडशे अंशांपर्यंत चढवलेला. तूप लावलेल्या थाळीत ओतला आणि हात लावला नाही. निवता निवता तो इतका घट्ट झाला की रेणू जिथं होते तिथंच अडकले. हा अस्फटिकी पदार्थ. वडी उजेडाकडं धरा, आरपार दिसतं. शेजारी पाडव्याची गाठी ठेवलीय, तीही साखरच. बारीक स्फटिकांवर उजेड विखुरतो म्हणून पांढरीशुभ्र.

खडीसाखर फोडली: सपाट, चकचकीत पैलू. वडी फोडली: वाकड्या, धारदार कपच्या, फुटक्या काचेसारख्या. तव्यावर खडीसाखर बराच वेळ दाद देत नाही. वडी मात्र साठ-सत्तर अंशांपुढंच हळूहळू मऊ पडते.

खडे बाजारातल्या या बांगड्या बघा. काचेलाही एकच असा वितळणबिंदू नाही. ती आधी मऊ होते, मग वाहते. म्हणून तर तिला असा वळसा देता येतो.




(स्वयंपाकघर, पावसाळा)
डबा उघडा राहिला होता. वडीला आधी पाणी सुटलं, चिकट झाली. आज तिच्यावर पांढुरकी, रवाळ साय आहे. रेणूंना हलायला जागा मिळाली, आणि ते रांगेला लागले.