मानसतज्ज्ञांकडे जाताना

श्रोतेहो, नमस्कार.

"मॅडम, गोळ्या नाही लिहून दिल्यात?" पहिल्या भेटीनंतर बरेच जण मला हे विचारतात. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. औषधं देण्याचं काम सायकियाट्रिस्टचं. ते आधी एमबीबीएस होतात, मग मनोविकारशास्त्रात एमडी करतात. आमची वाट मानसशास्त्राच्या एम. ए.वरून जाते. पुढे मी केला तो भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला दोन वर्षांचा एम. फिल. त्यातला बराचसा काळ वॉर्डातच जातो. स्किझोफ्रेनियाचा पेशंट, दारू सोडायला आलेला माणूस, बोलणंच बंद झालेली मुलगी, प्रत्येकाची हिस्टरी घ्यायची आणि वरिष्ठांपुढे मांडायची. मग परिषदेकडे नोंदणी होते, क्रमांक मिळतो.

तो क्रमांक बेधडक विचारा. चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावणारे आहेत. नैराश्याने खचलेल्या माणसाला "पॉझिटिव्ह विचार करा" एवढंच सांगून कुणी घरी पाठवतं, तेव्हा मला फार चीड येते. त्या माणसाने मोठ्या कष्टाने ते दार ठोठावलेलं असतं. पुन्हा ठोठावेलच असं नाही.

आमच्या कामाचा मोठा भाग म्हणजे चाचण्या. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. ती बिने-कामत चाचणी आपल्याकडे आजही वापरतात. एखादं मूल तोंडी उत्तरं फटाफट देतं, पण लिहिताना काना-मात्रा गाळतं, जोडाक्षरापाशी अडतं. घरी त्याला आळशी म्हणून मार बसत असतो. चाचण्यांत बुद्धी चांगली आणि अडचण फक्त वाचन-लेखनात दिसली, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. अधिकृत रुग्णालयाचं प्रमाणपत्र मिळालं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो.

दुसरा भाग उपचारांचा. ओसीडीचं, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचं, उदाहरण घेते. हात धुऊन धुऊन सालं निघालेली बाई समोर असते. आम्ही दोघी मिळून यादी करतो, कमी भीतीच्या गोष्टीपासून जास्त भीतीच्या गोष्टीपर्यंत: दाराची कडी, बाजाराची पिशवी, बाहेरची चप्पल. कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. जीव कासावीस होतो, पण थांबून राहिलं की भीती हळूहळू उतरते. घरच्यांनाही मी सांगते, "अगं, स्वच्छच आहेत हात" असा दिलासा सारखा देऊ नका. तो दिलासाच आजाराला खतपाणी घालतो. नवऱ्याला हे पटवायला कधी कधी बायकोपेक्षा जास्त वेळ लागतो.

तुम्ही जे बोलता ते गुप्त ठेवणं २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने आमच्यावर बंधनकारक आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल तर मात्र आम्हाला गप्प बसता येत नाही, आणि हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते.

गावात मानसतज्ज्ञ नसतील, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्या. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं.