व्होल्ट, अँपिअर आणि एक सैल प्लग

मित्रहो, घरातल्या गीझरच्या पट्टीवर ‘२३० व्होल्ट, २००० वॅट’ असे छापलेले असते, आणि आज मला जे सांगायचे आहे ते बहुतेक सगळे या दोन आकड्यांतून निघते. दाबाला (व्होल्ट) प्रवाहाने (अँपिअर) गुणले की शक्ती (वॅट) मिळते. म्हणून २००० ला २३० ने भागले, तर गीझर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. दाबाला प्रवाहाने भागले की रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा मिळतो, आणि तो येथे साधारण २६.५ ओहम येतो.

गीझरच्या कॉइलमधली नायक्रोमची तार तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही. त्यामुळे दाब घसरून १८० व्होल्टवर आला, तर प्रवाहही त्याच प्रमाणात घटून ६.८ अँपिअर होतो आणि शक्ती १२२५ वॅटच्या आसपास उरते. दाब जेमतेम २२ टक्के उतरला, पण शक्ती जवळजवळ ३९ टक्के गेली, कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर नेण्यास एरवी सुमारे १६ मिनिटे पुरतात. आता जवळपास २६ मिनिटे लागतील.

शंभर वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचे मात्र तसे नाही. हिशेबाने त्याचा रोध ५२९ ओहम यायला हवा, पण थंड बल्बला मल्टिमीटर लावला तर तो चाळीसच्या आसपास दाखवतो. येथे मीटरही खोटा नाही आणि सूत्रही खोटे नाही. पेटलेली टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या जवळ पोहोचलेली असते आणि त्या उष्णतेत तिचा रोध कितीतरी पट वाढतो. म्हणूनच दाब आणि प्रवाह ही दोन्ही मापे उपकरण चालू असताना, एकाच वेळी घ्यावी लागतात. रोधाच्या एककाला ज्याचे नाव आहे त्या जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहमलाही प्रयोगाच्या मध्येच दाब बदलणाऱ्या बॅटरीने सतावले होते. ती सोडून त्याने दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर दाब निर्माण करणारा तांबे आणि बिस्मथ यांचा सांधा वापरला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवून दाब स्थिर केला, आणि १८२७ मध्ये दाब, प्रवाह आणि रोध यांना जोडणारा आपला नियम ग्रंथरूपाने मांडला.

मोटरच्या बाबतीत व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट नव्हे, तेथे पॉवर फॅक्टरही (त्या गुणाकारातला प्रत्यक्ष शक्ती ठरणारा हिस्सा) धरावा लागतो, एवढे सांगून मी पुढे जातो.

कारण मला खरी काळजी सैल प्लगची वाटते. गीझरच्या प्लगमध्ये अर्धा ओहम रोध शिरला आहे असे समजा. तारांचा रोध क्षणभर बाजूला ठेवू. गीझर बंद असताना सॉकेटमागे आणि गीझरच्या टोकांवर मीटर २३० च दाखवील, कारण प्रवाहच नाही. गीझर चालू केल्यावर मात्र टोकांवर २२५.७ व्होल्ट मिळतील आणि टोंग टेस्टर (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारे मीटर) साडेआठ अँपिअर दाखवील. मधल्या मध्ये हरवलेल्या ४.३ व्होल्टना साडेआठने भागले, की तो लपलेला अर्धा ओहम सापडतो. त्याच दोन आकड्यांचा गुणाकार केला, तर सुमारे ३६ वॅट येतात. बाजारात मिळणारे साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. त्याहून अधिक उष्णता त्या प्लगच्या एका पिनेपाशी, प्लास्टिकच्या आत, गीझर चालू असेपर्यंत साठत राहते. फ्यूजला किंवा एमसीबीला (प्रवाह फार वाढला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचला) याचा पत्ता लागत नाही, कारण प्रवाह वाढलेला नसून किंचित कमीच झालेला असतो.