दहावी पायरी

[दृश्य : सज्जनगडाची वाट, पहाट. खाली उरमोडीच्या पाण्यावर धुकं.]

साताऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, परळीच्या खोऱ्यात हा गड उभा आहे. समर्थ रामदासांचा अखेरचा मुक्काम इथे होता. शके 1603 च्या माघात त्यांनी देह ठेवला तोही इथेच. त्यांचे मनाचे श्लोक 205. त्यातल्या अकराव्यातली पहिली ओळ श्लोक न शिकलेल्यालाही पाठ असते : 'जगीं सर्व सूखी असा कोण आहे'.

आहे हा प्रश्न, पण आपण तो उत्तरासारखा वापरतो. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची नोकरी गेली, की 'अहो, जगी सर्व सुखी...' एवढं म्हणून चहाचा कप खाली ठेवायचा. विषय मिटला. पुढची ओळ कुणी म्हणत नाही. ती आहे 'विचारें मना तूंचि शोधूनि पाहें'. समर्थांनी विचारून सोडून दिलेलं नाही, कामाला लावलंय.

शोधायचं तर मोजायला हवं. सुख मोजण्याची साधनं आता तयार आहेत आणि ती वापरताना कुठे घोळ होतो तेही माहीत झालंय. घोळाचाच भाग जास्त कामाचा आहे, म्हणून या फिल्ममध्ये तोच जास्त आहे.

[दृश्य : पुठ्ठ्याच्या कार्डावर काढलेली शिडी. तळाशी 0, टोकाला 10.]

जगभर सर्वांत जास्त वापरलं जाणारं साधन एवढंच. हॅडली कँट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1965 मध्ये मांडलेली ही शिडी. प्रश्न असा विचारायचा : 'अशी शिडी डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने शक्य असलेलं सगळ्यात चांगलं आयुष्य. सगळ्यात खालची म्हणजे सगळ्यात वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात?' शून्य धरून अकरा पर्याय. 'सुख' हा शब्द प्रश्नात कुठेही नाही, हे लक्षात ठेवा.

दरवर्षी मार्चमध्ये 'सर्वांत सुखी देश' अशा ज्या बातम्या येतात, त्या याच शिडीवर उभ्या असतात. साधारणपणे एका देशात वर्षाला हजारेक माणसांना विचारायचं आणि तीन वर्षांची सरासरी काढायची. या बातम्यांमागे 'वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट' नावाचा अहवाल असतो. त्या अहवालात उत्पन्न, आधाराला माणसं, निरोगी आयुर्मान, निर्णयाचं स्वातंत्र्य, दानत आणि भ्रष्टाचार असे सहा घटक येतात. या सहांचे गुण जोडून क्रमांक लावतात असा समज आहे, तो चुकीचा. क्रमांक फक्त शिडीच्या उत्तरावर लागतो. सहा घटक नंतर येतात, देशादेशांत फरक का पडला हे समजून घ्यायला. 2025 च्या अहवालात 147 देशांत भारत 118 वा होता. फिनलंड 2018 पासून त्या वर्षापर्यंत सलग आठ वेळा पहिला. पण पहिल्या नंबरच्या या देशाची सरासरीही या काळात आठपर्यंत पोचली नाही. दहा कुठल्याच देशाचे नाहीत.

[दृश्य : सातारा एसटी स्टँड. फलाटावर थांबलेली माणसं, पिशव्या, पोती.]

हेच कार्ड घेऊन इथे उभं राहा. पहिली अडचण पहिल्याच मिनिटाला येते. 'कसं चाललंय?' या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे ठरलेलं आहे : 'बरं चाललंय, देवाच्या दयेनं.' हे उत्तर नव्हे, हा नमस्काराला नमस्कार. म्हणून हालहवालीने सुरुवात करायची नाही. कार्ड हातात द्यायचं आणि बोट ठेवायला सांगायचं. तोंडाने आकडा सांगण्यापेक्षा बोट ठेवणं सोपं जातं, आणि शेजारी बसलेल्या जाऊबाईंना ऐकू जात नाही.

हा ऐकू जाण्याचा मुद्दा किरकोळ नाही. सासूच्या समोर सून आठच्या खाली उतरत नाही. मुलाच्या समोर बापही नाही. घरी गेलात तर एकेकाला वेगळं बसवा. जमत नसेल तर कोण समोर होतं ते फॉर्मवर लिहा.

दुसरी अडचण शाळेची. 'दहापैकी किती' म्हटलं की आपल्याला मार्क आठवतात. पस्तीस टक्क्यांच्या खाली स्वतःला कोण घालेल? म्हणून 'दहापैकी' हा शब्दच टाळायचा, 'कितवी पायरी' म्हणायचं.

तिसरी, प्रश्नांचा क्रम. 'तब्येत कशी आहे, कर्ज किती आहे' हे आधी विचारलं की शिडीवरचा माणूस गुडघे आणि हप्ते मोजत बसतो. शिडी सगळ्यात आधी.

चौथी आहे वेळेची. उसाचं बिल गाळपाला ऊस गेल्यापासून 14 दिवसांत द्यावं, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. कऱ्हाड-कोरेगावच्या पट्ट्यात बिल थकलेलं असताना विचारलंत आणि खात्यावर जमा झाल्यावर विचारलंत, तर दोन वेगळी गावं पाहिल्यासारखं वाटेल. तारीख टाकल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. आणि काहीच घडलेलं नसलं तरी तोच माणूस दोन आठवड्यांनी तेच उत्तर देईल याची खात्री धरू नका. एका माणसाच्या एका आकड्यावर फार भरवसा टाकायचा नसतो. हजार माणसांच्या सरासरीत ही वर-खाली एकमेकांत जिरून जाते.

[दृश्य : महाबळेश्वरचा पाऊस. कट करून माण तालुक्यातलं कोरडं रान, टँकरपाशी घागरींची रांग.]

आणि पाचवी अडचण, सगळ्यात मोठी. शिडी प्रत्येकाची वेगळी असते. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, माणमध्ये पाचशेच्या आतबाहेर. माणमधल्या बाईच्या दहाव्या पायरीवर कदाचित दारातला नळ असेल. महाबळेश्वरातल्या हॉटेलवाल्याच्या दहाव्या पायरीवर आणखी एक हॉटेल. दोघांनीही 'सहा' म्हटलं, तर ते सहा एकच आहेत का?

यावर तोडगा आहे. सगळ्यांना आधी एकच गोष्ट ऐकवायची : 'एक बाई आहेत. वय पन्नास. घरचं दोन एकर. मुलगा पुण्यात नोकरीला, दिवाळीला येतो. गुडघे दुखतात. नळाला पाणी दिवसाआड येतं. या बाई कितव्या पायरीवर?' माणमध्ये या बाईंना आठवर बसवलं आणि महाबळेश्वरात पाचवर, तर कुणाची शिडी किती उंच आहे ते कळतं. मग त्यांच्या स्वतःच्या आकड्याकडे त्या हिशोबाने पाहायचं. अशा दोन-तीन गोष्टी पुरतात. एक बऱ्या परिस्थितीतली, एक ओढाताणीची. जास्त ऐकवल्या तर लोक कंटाळतात.

[दृश्य : मोती चौकातलं मिठाईचं दुकान. कढईत खवा, उलथनं फिरतंय.]

आता भाषेकडे येऊ. इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणताना एका शब्दाच्या जागी तीन उभे राहतात : आनंद, सुख, समाधान. त्यांची क्रियापदं बघा. आनंद होतो. सुख मिळतं, लागतं, कधी बोचतंसुद्धा. समाधान मात्र मानावं लागतं.

फरक पुस्तकी नाही, आकडे बदलतात. 'तुम्ही सुखी आहात का?' म्हटलं की माणूस घर, शेती, मुलांची सोय मोजतो. 'सुखवस्तू' हा शब्द उगाच आलेला नाही. 'समाधानी आहात का?' म्हटलं की नाही म्हणणं कृतघ्नपणाचं वाटतं आणि उत्तर वर सरकतं. 'काल आनंदात होतात का?' म्हटलं तर तो खरंच कालचा दिवस आठवतो. तिन्ही विचारा, पण तिन्हींचा एकच आकडा करू नका.

ही कढई त्यातल्या पहिल्या शब्दाची. कंदी पेढ्याचा खवा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजतात. हात थांबला की तळाशी लागतो. गरम असताना दाणेदार, खमंग, गोडी बेताची. घरी करून पाहण्याजोगा प्रयोग आहे : एका बैठकीत चार पेढे खा आणि प्रत्येक पेढ्यानंतर, पुढचा उचलण्याआधी, दहापैकी गुण लिहा. इथे 'दहापैकी' चालेल, पेढा नापास होण्याची भीती नाही. चौथ्याचे गुण पहिल्याएवढे राहत नाहीत. खवा तोच, भाजणी तीच. जीभ सवयीची झाली.

हीच सवय मोठ्या गोष्टींनाही लागते. 1978 मध्ये अमेरिकेत लॉटरी लागलेले 22 जण आणि त्यांच्याच भागातले, लॉटरी न लागलेले 22 जण यांना विचारण्यात आलं. शून्य ते पाचच्या मापावर लॉटरीवाल्यांचं सुख 4.00, इतरांचं 3.82. फरक नगण्य. नाश्ता, मित्राशी गप्पा, टीव्ही अशा रोजच्या गोष्टींतली गोडी मात्र लॉटरीवाल्यांची कमी, 3.33, इतरांची 3.82. हा अभ्यास लोक फार ताणतात. माणसाला कशाचीही सवय होते, असं त्यातून काढतात. पण त्याच अभ्यासात अपघाताने अपंगत्व आलेले 29 जण होते आणि ते 2.96 वर होते. पुढच्या अभ्यासांतही दिसलं, की बेकारी आणि गंभीर अपंगत्व यांची सवय पूर्ण होत नाही. पेढ्याचा नियम दुखण्याला लावू नये.

[दृश्य : वही, पेन. पानावर आडव्या रेघा.]

आनंद मोजायचा तर कालचा दिवस तुकड्यांत लिहायचा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, पाऊण तास इथे, दीड तास तिथे. प्रत्येक तुकड्यापुढे काय केलं, कुणाबरोबर होतात, आणि कसं वाटत होतं ते 0 ते 6 मध्ये. 2004 मध्ये टेक्सासमधल्या 909 नोकरदार बायकांकडून असं लिहून घेतलं. जवळच्या माणसांबरोबरचा वेळ वरच्या टोकाला आला, सकाळचा कामावर जायचा प्रवास अगदी तळाला. साताऱ्याहून रोज पुण्याला अप-डाऊन करणाऱ्याला हे कळायला टेक्सासला जायची गरज नाही.

[दृश्य : पुन्हा गड. भिंतीवर कोरलेली अक्षरं, सावली सरकतेय.]

त्या अकराव्या श्लोकाचा उत्तरार्ध 'पूर्वसंचीत' सांगतो. आधीचं केलेलं, त्यासारखं भोगायचं. आजचं विज्ञान पूर्वसंचित म्हणत नाही, पण जुळ्यांच्या अभ्यासांतून काढतं, की सुखातल्या फरकाचा साधारण एक तृतीयांश वाटा अनुवंशाचा. हे वाक्य हमखास चुकीचं सांगितलं जातं. 'माझं एक तृतीयांश सुख जन्मतः ठरलेलं' असा त्याचा अर्थ नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्या फरकाचा हा वाटा आहे. एका माणसाच्या सुखाचे असे वाटे पडत नाहीत.

आता 'सर्व' या शब्दाकडे. सर्व बाबतींत, पूर्ण, दहाच्या दहा. ज्यांनी 'दहा' म्हटलं त्यांचं काय? 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मोठ्या पाहण्यांची उत्तरं तपासली. नाती आणि समाजकार्य यांत दहावाले पुढे होते. शिक्षण आणि कमाई यांत मात्र त्यांच्या एक-दोन पायऱ्या खाली असलेले पुढे. थोडी खुटखूट असलेला माणूस अजून काहीतरी बदलायच्या खटपटीत असतो, हे त्यामागचं एक कारण मांडलं गेलं.

भूतानने तर मोजमाप करताना 'सर्व' काढूनच टाकलं. तिथे 9 क्षेत्रं, 33 निर्देशक. सगळे पुरे व्हावे लागत नाहीत. वजन धरून 66 टक्के बाबतींत 'पुरेसं' असेल, की माणूस सुखी धरला जातो. 77 च्या पुढे 'अत्यंत सुखी'. शंभराची अट कुठेच नाही. सरकारी पातळीवर यापेक्षा शहाणी सोय आमच्या तरी माहितीत नाही.

याउलट तैत्तिरीय उपनिषदाने शंभराचंच माप घेतलं. तरुण, सज्जन, शिकलेला, धडधाकट माणूस, त्यात धनाने भरलेली सारी पृथ्वी त्याची. त्याचा आनंद म्हणजे एक एकक. पुढची प्रत्येक पायरी शंभरपट. मनुष्यगंधर्व, देवगंधर्व, पितर, मग देवांचे तीन प्रकार, इंद्र, बृहस्पती, प्रजापती, ब्रह्म. दहा पायऱ्या, म्हणजे एकावर वीस शून्यं. एवढं मोजून झाल्यावर प्रत्येक पायरीला एकच शेपूट जोडलंय : कामनेचा फटका न बसलेल्या वेदज्ञाचाही आनंद एवढाच. पृथ्वी नाही, धन नाही, तरी तो शिडीच्या टोकाला. शिडी एवढी उंच बांधून त्याच वाक्यात बिनपायऱ्यांची वाटही दाखवली. मोजणाऱ्याची पंचाईत करून ठेवली, असंही म्हणता येईल.

[दृश्य : गावातली पडवी. कार्ड हातात घेतलेले आजोबा, समोर सर्व्हेची मुलगी.]

फॉर्म भरतानाची शेवटची सूचना. समजा, आजोबा कार्डावर बोट ठेवतात, थेट टोकाला. 'दहा लिही, बाळ.' मग बोट जरा खाली येतं. 'नातीचं लग्न तेवढं व्हायचंय. साडेनऊ लिही.'

फॉर्मवर साडेनऊचा रकाना नाही. आपल्या मनाने नऊही लिहायचं नाही, दहाही नाही. कार्ड परत पुढे करायचं, 'नऊ का दहा, आजोबा?' असं एकदाच विचारायचं आणि बोट टेकेपर्यंत गप्प बसायचं.